चित्रातली आई कोणत्या रंगाची?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नोकरीतली बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, असं त्यांचे विद्यार्थी मघाशी सांगत होते. म्हणून आज पहिलीच्या पुस्तकाबद्दलच बोलावं म्हटलं. पहिलीच्या मराठीच्या पुस्तकाबद्दल, त्यातल्या चित्रांबद्दल, आणि चित्रांतल्याही एकाच गोष्टीबद्दल. माणसांच्या कातडीचा रंग. कार्यक्रमपत्रिका छापून आल्यावर एका स्नेह्यांचा फोन आला, "अहो, हा काय तासभर बोलण्याचा विषय आहे?" मी म्हटलं, तास नको, पाऊण तास पुरे. अध्यक्षांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं.

पहिला प्रश्न तुम्हीच विचाराल. चित्रं सगळ्याच पुस्तकांत असतात, मग भाषेच्याच पुस्तकावर एवढा भर का? कारण सांगतो. गणिताच्या पुस्तकात पाच आंबे काढले, तर मूल ते मोजतं आणि पुढे जातं. आंबा हापूस की पायरी, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. भाषेच्या पुस्तकाचं तसं नाही. पहिलीचं पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर अक्षरं जवळजवळ नसतातच. पानभर चित्र असतं. घराचं, शाळेचं, जत्रेचं, शेताचं. सूचना असते, चित्र पाहा आणि बोला. बाई विचारतात, ही कोण? हा काय करतोय? मुलं ओरडतात, आई! बाबा! डॉक्टर! पोलीस! अक्षर ओळखण्याआधी मूल चित्र वाचतं, म्हणजे चित्र हाच तिथला धडा असतो. आणि तो धडा कुणी शिकवावा लागत नाही, आपोआप पाठ होतो.

आता त्या धड्यात काय लिहिलंय ते बघू. चित्रातली आई गुलाबीसर पिवळी. मुलगा तसाच, मुलगी तशीच. बाबा फार तर एक छटा गडद. आजीचे केस पांढरे, गाल मात्र नातीचेच. बाई, डॉक्टर, पोस्टमन, झाडाखाली गोष्ट सांगणारे आजोबा, सगळे एकाच बाटलीतल्या रंगाने रंगवल्यासारखे. मग गडद रंग कुठे येतो? डोक्यावर विटा वाहणाऱ्या माणसाला. नांगर धरणाऱ्याला. गोष्टीतल्या चोराला. आणि राक्षसाला तर यायलाच हवा! सगळ्याच पुस्तकांत असंच आहे असं मी म्हणत नाही. अलीकडच्या पुस्तकांत चांगले अपवाद आहेत, काही चित्रकारांनी फार समजुतीने काम केलंय. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी जाऊन नातवंडाचं पुस्तक उघडा. आधी माणसं मोजा, मग रंग मोजा, आणि मग कोणता रंग कोणत्या कामाला लावलाय ते बघा. तिसरी मोजणी सगळ्यात महत्त्वाची. सावळा माणूस पुस्तकात आहे की नाही, एवढ्याने भागत नाही. तो तिथे काय करतोय?

आणि हे पुस्तक म्हणजे एखाद्या हौशी प्रकाशकाने हजार प्रती काढलेलं पुस्तक नव्हे. बालभारती, म्हणजे आपलं पाठ्यपुस्तक मंडळ, १९६७ मध्ये स्थापन झालं. तेव्हापासून मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या, भामरागडच्या माडिया मुलीच्या, रायगडातल्या कातकरी वाडीवरच्या पोराच्या आणि पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या मुलाच्या हातात एकच पुस्तक पडतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ते फुकट मिळतं. ज्या घरात दुसरं एकही चित्रांचं पुस्तक नाही, अशी घरं या राज्यात कमी नाहीत. त्या घरात हे पुस्तक म्हणजे छापील जगाची एकमेव खिडकी. त्या खिडकीतून दिसणाऱ्या आईला जर आपल्या आईचा रंग कधीच नसेल, तर मुलाने काय समजायचं?

इथे हमखास एक आक्षेप येतो. "मुलांना कुठे एवढं कळतं? त्यांच्या मनात रंगबिंग नसतो. हे सगळं मोठ्यांच्या डोक्यातलं." ऐकायला फार गोड वाटतं. पण खरं आहे का?

मध्यंतरी एका शाळेत चौथीच्या वर्गात बसलो होतो. विषय होता, माझं कुटुंब. बाईंनी कागद वाटले, तेलखडूंचे डबे उघडले. दोन मिनिटांत वर्गात एकच पुकारा, "ए, स्किन कलर दे ना! माझा संपला." आपल्याकडे मराठी शाळेतही त्या फिकट गुलाबी-पिवळ्या खडूला हेच नाव आहे. मी डबे बघत हिंडलो. प्रत्येक डब्यात तो एक खडू झिजून नखाएवढा उरलेला. आणि त्याच्या शेजारचा तपकिरी खडू? लांबलचक, टोकसुद्धा शाबूत. तो फक्त झाडाच्या बुंध्याला आणि घराच्या कौलांना लागतो. वर्गातली बहुतेक मुलं सावळी होती, काही चांगली काळीसावळी. एका मुलीने आई रंगवली, बाबा रंगवले, स्वतःला रंगवलं. हात चित्रावर टेकलेला होता. हात एका रंगाचा, चित्रातला हात दुसऱ्या रंगाचा. दोन्ही इतके जवळ, की न दिसणं शक्य नव्हतं. तिला ते दिसलं नाही असं नाही. चित्रात माणूस असाच काढतात, हे ती शिकली होती. कुणी शिकवलं? बाईंनी नक्कीच नाही.

त्या खडूच्या नावावरून अमेरिकेत फार आधी खळखळ झाली. क्रेयोला कंपनीने १९६२ मध्ये आपल्या तशाच खडूचं नाव बदलून पीच केलं. आपल्याकडे बंगळुरूत कायद्याच्या एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी अशाच खडूवरून ग्राहक मंचात तक्रार केली. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मुलांना कळतं की नाही, याची सर्वांत प्रसिद्ध चाचणी केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या दशकात अमेरिकेत घेतली. सगळ्या बाबतीत सारख्या, फक्त रंगाने वेगळ्या अशा बाहुल्या. समोर तीन ते सात वर्षांची काळी मुलं. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, तुला कोणती हवी? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. आणि मग शेवटचा प्रश्न, तुझ्यासारखी कोणती? त्या प्रश्नाला काही मुलं रडली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णानुसार विभागणी बेकायदा ठरवली, त्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. त्यांचा प्रश्न वंशाचा, कायद्याने लादलेल्या भेदाचा होता. आपला जसाच्या तसा तो नाही. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ गोरा आणि एक सावळा असतो, आणि पाहुणे आले की कोणाला आधी पुढे करतात हे त्या दोघांनाही ठाऊक असतं. मुलगी असेल तर विचारायलाच नको. "रंगाने जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस" हे वाक्य या सभागृहात कुणी ऐकलं नसेल, असं मला वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलीसमोर हे बोललं जातं आणि आपण म्हणतो, मुलांना कळत नाही!

आता दुसरा मुद्दा. हे होतं कसं? कुणी कट करतं का? मुळीच नाही. माझं आयुष्य पुस्तकांची मांडणी करण्यात आणि छापखान्यात उभं राहण्यात गेलं, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगतो. कंटाळा आला तर खोकावं.

पूर्वीची पुस्तकं एका रंगात छापली जायची. काळी रेषा, पांढरा कागद. चेहरा कागदाच्याच रंगाचा. तो गोरा की सावळा, हे वाचणाऱ्याने आपापल्या मनाने भरून घ्यायचं. चार रंगांची छपाई आली आणि गालात काहीतरी भरावं लागलं. काय भरायचं? आपल्यासमोर नमुने होते ते दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांचे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोमंतकाचे, दोघेही असामान्य हाताचे. त्यांच्या नायिका आणि देवदेवता मराठी घराघरात पोचल्या. मुळगावकरांच्या चित्रातली कांती आतून दिवा लावल्यासारखी उजळलेली असते. त्याआधी राजा रविवर्म्याच्या छापखान्याने देवींचे चेहरे ठरवून टाकलेच होते. पाठ्यपुस्तकाचा चित्रकार याच चित्रांवर वाढलेला. त्याने हात चालवला की तोच रंग येणार.

पण एवढंच नाही. छपाईचं एक साधं गणित आहे. गोरा गाल छापायला फार थोडी शाई लागते. थोडा मॅजेंटा, थोडा पिवळा, बाकी कागद. दोन प्लेटांत काम भागतं, आणि प्लेट केसभर सरकली तरी बिघडत नाही. सावळा गाल छापायचा तर त्यात निळा मिसळावा लागतो, आणि घाईतला माणूस सरळ काळा मिसळतो. आता आपला कागद बघा. बालभारतीच्या पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर लिहिलेलं असतं, ७० जीएसएम क्रीमवोव्ह. हा कागद शाई पितो. ठिपका पसरतो. त्यात नाक, डोळे, ओठ यांच्या रेषाही काळ्याच. परिणाम काय? सावळा चेहरा बुजतो. प्रूफ समोर येतं, संपादक म्हणतात, "अहो, हा काय डाग पडल्यासारखा दिसतोय. जरा उजळ करा, चेहरा प्रसन्न दिसू द्या." चित्रकार उजळ करतो. पुढच्या वेळी तो आधीच उजळ करून आणतो. त्याच्या पुढच्या वेळी त्याला सांगावंही लागत नाही. आणि आता तर संगणकावर एक तयार चौकोन असतो, त्वचेचा. टिचकी मारली की अख्खं गाव एका रंगात रंगून निघतं.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो स्वस्त आहे. काळा कमी करा. तपकिरी रंग मॅजेंटा आणि पिवळ्यातूनच वर न्या, निळा बेताने घाला. गडद चेहऱ्यावरची रेषा काळी न ठेवता गडद तांबडी किंवा फिकट ठेवा. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर उजेड सोडा. सावळ्या कातडीवर उजेड गोरीपेक्षा सुंदर पडतो, हे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा. मागची भिंत आणि कपडे फिकट घ्या. चांगले चित्रकार हे करतातच. त्यांना फक्त वेळ द्यावा लागतो, आणि चार दिवसांत साठ चित्रं मागितली की वेळ उरत नाही. सांगायचं ते इतकंच, की यंत्राला गोरा रंग सोपा जातो, आणि आपण यंत्राची सोय म्हणजेच सौंदर्य समजून बसलो.

दुसरा आक्षेप जरा जोरात येतो. "हे सगळं बाहेरून आलेलं खूळ. आपल्या परंपरेत असला विचार कुठे होता?"

कुठे होता? छत्रपती संभाजीनगरपासून शंभरएक किलोमीटरवर होता! अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यात उभे राहा. पाचव्या शतकातली ती भिंत. एकाच दरबारात एक स्त्री गव्हाळ, तिच्या शेजारची हिरवट सावळी, तिच्या मागची तांबूस, आणि एक तर चक्क काळी. ती काळी दासीच आहे असं समजू नका. कृष्णवर्णी राजकन्या म्हणून जी ओळखली जाते, ती त्याच लेण्यात आहे, आणि जाणकार तिच्यासमोरून लवकर हलत नाहीत. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती, अशा मोजक्या सामानावर त्या चित्रकारांनी माणसांचे जेवढे रंग काढले, तेवढे आपल्याला लाखो छटा देणाऱ्या संगणकावर काढता येत नाहीत.

आणि शास्त्र हवं असेल तर तेही आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र, म्हणजे आपल्याकडचा चित्रकलेचा जुना पाठ्यक्रमच म्हणा. त्यात माणसाच्या रंगाचे प्रकार सांगितलेत. गौर रंगाचे पाच, आणि श्याम रंगाचे किती? बारा! मुगासारखा श्याम, दूर्वांकुरासारखा श्याम, नीलकमळासारखा, मेघासारखा. गोऱ्याच्या दुपटीहून जास्त. ज्याने ही यादी केली, त्याने रस्त्यावर उभं राहून माणसं बघितली होती, एवढं नक्की. आपला पंढरीचा देव काळ्या पाषाणाचा. शतकानुशतकं सावळ्या म्हणून आपण त्याला आळवत आलो. देव सावळा चालतो, मूल गोरं हवं असतं. आणि पुष्कळदा चित्रात तो देवही निळा करून टाकतात, म्हणजे प्रश्नच मिटला.

तेव्हा परंपरेचा हवाला देणाऱ्यांना माझं सांगणं आहे, खरोखर परंपरेप्रमाणे करा. बारा नको, पाच छटा वापरा. तेवढ्यानेही पुस्तक बदलेल.

बाहेरच्यांकडून शिकायचं असेल, तर काय करावं याइतकंच काय करू नये हेही शिकता येतं. अमेरिकेत दोन-तीन पिढ्या डिक आणि जेन या भावंडांच्या वाचनमालेवर वाचायला शिकल्या. गोरा भाऊ, गोरी बहीण, गोरे आईबाप, हिरवळ, कुत्रा. १९६५ मध्ये त्या मालेत पहिल्यांदा एक काळं कुटुंब आलं. बरं झालं. पण टीकाही झाली, की गोऱ्याच चेहऱ्यांना वरून तपकिरी रंग लावलाय. घर तेच, कपडे तेच, नाकडोळे तेच, फक्त डबा बदलला. त्याच वर्षी नॅन्सी लॅरिक या बाईंचा एक लेख गाजला. तीन वर्षांत निघालेली पाच हजारांहून अधिक बालपुस्तकं त्यांनी तपासली. त्यांपैकी ६.७ टक्के पुस्तकांतच काळं माणूस सापडलं. अभ्यासाचं निमित्त काय, तर न्यूयॉर्कमध्ये एका पाच वर्षांच्या काळ्या मुलीने विचारलं होतं, पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात? म्हणजे पुन्हा तेच, मुलांना कळत नाही म्हणणाऱ्यांना उत्तर एका मुलीनेच दिलं.

आणि चांगलं उदाहरणही तिथलंच. एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे', १९६२. पीटर नावाचा छोटा काळा मुलगा लाल हिवाळी पोशाख घालून बर्फात खेळायला जातो. बस्स. त्याच्या रंगाबद्दल पुस्तकात एक शब्द नाही. त्याला कुणी चिडवत नाही, तो कुणाला धडा शिकवत नाही. तो फक्त मूल आहे, आणि दिवस त्याचा आहे. आपल्याकडे मात्र सावळ्या मुलीला धड्यात आणायचं तर आधी तिला चिडवलं जातं, ती रडते, आई समजावते, शेवटी ती स्पर्धेत पहिली येते. का? पहिली नाही आली तर सावळं असायची परवानगी नाही? सावळी मुलगी पतंग उडवू शकत नाही? आळशी असू शकत नाही?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी नातं सांगणारा, महाराष्ट्राने जरा मान वर करावी असा इतिहास आपल्याकडे आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, ती तिथल्या ब्लॅक पँथरकडे बघून. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', एका काळ्या अमेरिकी शास्त्रज्ञाचं चरित्र, १९८१ पासून आपण वाचतोय, भेट देतोय, डोळे पुसतोय. त्याच घरात, त्याच टेबलावर, मुलासाठी 'गोरी, सुस्वरूप' वधू हवी असल्याची जाहिरातही लिहिली जाते. परदेशातला काळा महापुरुष आपल्याला चालतो. घरातली सावळी सून आली की आपण हळदीच्या लेपाचा सल्ला देतो. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिने नावातून फेअर काढलं. नळी तीच राहिली.

त्याच २०२० मध्ये पश्चिम बंगालमध्ये बालवर्गाच्या इंग्रजी मुळाक्षरांच्या एका पुस्तकात 'यू' म्हणजे 'अग्ली', आणि शेजारी काळ्या माणसाचं चित्र, असं निघालं. पुस्तक सरकारी नव्हतं, शाळेने लावलेलं होतं. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. ते योग्यच, पण इतकं ढळढळीत उदाहरण पकडायला सोपं असतं. ज्या पुस्तकात कुरूप माणसाचं चित्र नाही, फक्त सगळी सुंदर माणसं एका रंगाची आहेत, त्याचं काय करायचं? तिथे निलंबित कुणाला करणार?

बदल होत नाही असं मला कुणी सांगू नये. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वेगळी चित्रं आली. आईबाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, डॉक्टर बाई दाखवली, स्वयंपाक करणारा पुरुष दाखवला. देशभर बातम्या झाल्या. काहींनी नाकं मुरडली, पण पुस्तक वर्गात गेलं आणि आभाळ कोसळलं नाही. अशा चित्रांसाठी वेगळा धडा लिहावा लागत नाही, वेगळा तास लागत नाही. चित्रकाराला द्यायच्या सूचना बदलाव्या लागतात. जे भाजी निवडणाऱ्या हातांच्या बाबतीत जमलं, ते त्या हातांच्या रंगाच्या बाबतीत का जमू नये?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. एकाच कुटुंबात वेगवेगळ्या छटा दाखवा, कारण आपली कुटुंबं तशीच असतात. बाई, डॉक्टर, कलेक्टर, गोष्टीतली राजकन्या, यांच्यापैकी कुणाचाही रंग आधी ठरवून टाकू नका. राक्षसाला वाटल्यास जांभळा करा, त्याची हरकत नाही. मुखपृष्ठावर एक सावळं मूल बसवून आत जुनाच कारभार चालू ठेवू नका. चित्र पाहायला बसाल तेव्हा ते छापलेल्या कागदावर पाहा, संगणकाच्या पडद्यावर पाहून मंजुरी देऊ नका, कारण पडद्यावर सगळेच चेहरे छान दिसतात. आणि चित्रकारांना वेळ आणि पैसे दोन्ही द्या.

राज्यात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येताहेत. म्हणजे बोलायची वेळ हीच आहे. पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेत मुलांना सांगितलेलं असतं, पुस्तकातलं काय आवडलं, काय नाही, ते आम्हांला जरूर कळवा. सहा वर्षांचं मूल काही पत्र लिहिणार नाही. आपण लिहू शकतो. घरी गेल्यावर पुस्तक उघडा, माणसं मोजा, आणि एक पोस्टकार्ड पुण्याला सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या पत्त्यावर टाका.